जमनाचा डावा कान

"चेहरा नाई पाहाव मास्तर, कान पाहाव. तोंड खोटं बोलते, कान नाई बोलत."

वणीतल्या आमच्या टॉकीजच्या दारावर उभे राहून चाचा हे इतक्यांदा सांगायचे, की गावातली पोरं त्यांना दुरून पाहिलं तरी कान झाकून घेत. टॉकीजचे डोअरकीपर तुम्हीही पाहिले असतील, पण कानावरून माणूस ओळखणारा मी दुसरा पाहिला नाही. तिकिटाविना घुसणारा टोपी बदलून, मिशी काढून आला तरी चाचा त्याला धरायचे. कानालाच धरायचे.

दुसरी खोड तिकीट फाडण्याची. दारावरचा माणूस एरवी तिकीट टरकन फाडतो आणि मोकळा होतो. चाचा ते दोन्ही हातांत घेत, घडी घालत, घडीवरून नख फिरवत आणि मग हळूच दोन तुकडे वेगळे करत. मागे रांग बोंबलायची. राजूरच्या खाणीतले कामगार सुटीच्या दिवशी यायचे, ते म्हणायचे, चाचा, पिक्चर सुरू होऊन राह्यला ना. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं: "फाडाले काय लागते? फाटलेलं जुळत नाई."

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागे. तो लोकांना कळावा म्हणून मालक माझ्याकडून गोष्ट मराठीत फळ्यावर लिहून घेत आणि बदल्यात मला फुकट आत सोडत. मास्तरकीत याहून मोठा मान मला पुढेही मिळाला नाही.

चाचा तरुणपणी सर्कशीत माहूत होते. जमना नावाची हत्तीण त्यांच्याकडे होती. एकदा खेळाची वेळ झाली आणि जमना पाण्यातून निघेना. चाचांनी रागानं अंकुश ओढला. तिच्या डाव्या कानाची खालची कड फाटली. "ओरडली नाई, मास्तर. नुसतं माह्याकडे पाह्यलं तिनं." पुढे सर्कस मोडली. चाचा सुटी घेऊन घरी गेले होते तेवढ्यात मालकानं जमनाला कुण्या परदेशी व्यापाऱ्याला विकून टाकलं. परत येऊन पाहतात तर नुसता खुंटा. ती जहाजातून गेली, एवढंच कळलं. तिची माफी मागायची राहिली, हे एकच दुःख तो माणूस तीस वर्षं उराशी धरून होता. ती कुठे तरी जिवंत आहे, बरी आहे, एवढं कळलं असतं तरी त्याला पुष्कळ होतं.

चाचा पिक्चर कधी पाहत नसत. पडद्याकडे पाठ करून दाराशी स्टुलावर बसायचे. साठ-एकसष्ट साल असेल. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर सकाळी एक जुना, काळापांढरा जंगलचा पिक्चर लागला. हस्तिदंताच्या शोधात निघालेला टोपीवाला शिकारी, एक रबराची मगर आणि हत्तींचा कळप. मी फळ्यावर 'आफ्रिकेच्या घनदाट अरण्यात' असं झोकात लिहिलं होतं. आत हत्ती ओरडला आणि चाचा दारावरचा पडदा सारून आत आले. मधल्या वाटेतच उभे राहिले. लोक बसा, बसा म्हणत होते, त्यांना ऐकूच येत नव्हतं. खेळ सुटल्यावर त्यांनी माझा हात धरला. 

"जमनाच व्हय ते. मागचा उजवा पाय कसा ओढते, पाह्यलं? पन कान तिचा नाई. एवढा मोठा, अन् धड!"

दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. आफ्रिकेच्या हत्तीची पाठ मधे खोलगट असते. या हत्तींची पाठ वर उचललेली आणि कपाळाला दोन उंचवटे, म्हणजे सगळे आपल्याकडचे. पिक्चरवाल्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा बागेत आफ्रिका मांडली होती आणि हिंदुस्थानी हत्तींना भलेमोठे कान चिकटवले होते. हे मी चाचांना मोठ्या ऐटीत सांगितलं. शहाणपण दाखवायची हौस, दुसरं काय!

 चाचा म्हणाले, "म्हंजे कानही खोटं बोलते?"

त्यानंतर ते रोज आत येऊन पाहू लागले. एके ठिकाणी ती हत्तीण नदीत उतरते आणि तिचा कान जरासा उचलला जातो. तिथे पिक्चर थांबव, अशी त्यांनी ऑपरेटरला गळ घातली. थांबवला तर फिल्म जळते, तो म्हणाला. पण भला माणूस. शेवटच्या दिवशी खेळ संपल्यावर त्यानं फिल्मचा तेवढा भाग खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. नखाएवढं चित्र. कानाखाली काळा डाग होता, बस्स. दुपारी पिक्चरच्या पेट्या गावाबाहेर गेल्या.

मग चाचा माझ्या घरी आले. आम्ही दीक्षा घेतली त्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि आईनं नुकतीच बुद्धाची तसबीर लावली होती. चाचांनी आधी तसबिरीतले कान पाहिले. म्हणाले, "एवढे लांब! यायनं लय लोकाइचं आयकलं असन." आई हसली आणि चहा ठेवायला गेली. तेव्हा चाचांनी कामाचं काढलं.

"पिक्चर बनवनाऱ्याइले लिवा, मास्तर. एकच विचारा. त्या खोट्या कानाखाली डावा कान फाटेल हाय का."

मी लिहिलं. पोस्टरवर कंपनीचं नाव होतं, तेवढ्याच पत्त्यावर पाठवलं. खरं सांगायचं तर मला आशा नव्हती. चाचांना होती. मी दिसलो की "आलं?" एवढंच विचारायचे.

आठ-नऊ महिन्यांनी पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. त्या टोपीवाल्या नटाचा गुळगुळीत फोटो होता, हत्तिणीच्या सोंडेला टेकून हसणारा. कोपऱ्यात शुभेच्छा आणि सही, दोन्ही छापील. कौतुकाची पत्रं धाडणाऱ्या सगळ्यांना पाठवतात तसला. माझं पत्र कोणी वाचलंच नव्हतं.

मी तो टॉकीजवर घेऊन गेलो. चाचांनी त्या छापील ओळीवर बोट ठेवलं. "काय लिवलं?"

काय सांगणार होतो मी? म्हणालो, "लिहिलंय, होय. डावा कान खाली फाटलेला आहे. हत्तीण मजेत आहे."

चाचा फोटोकडे पाहत नव्हते. माझ्या कानांकडे पाहत होते. ते तापून लाल झालेत, हे मला आतून कळत होतं. चाचांनी फोटो सदऱ्याच्या आत ठेवला, "मेहरबानी, मास्तर" म्हणाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं तिकीट हातात घेतलं.

पुन्हा त्यांनी मला "आलं?" म्हणून विचारलं नाही. कानाचं ते वाक्यही मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मला फार लाज वाटत राहिली. कधी तरी खरं सांगू, असं म्हणत राहिलो आणि पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी परगावी होतो. आलो तेव्हा माती देऊन चार दिवस झाले होते.

त्यांच्या पुतण्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "आमच्यात घरात कोनाचा फोटो लावत नाई. चाचानं ह्या गोऱ्याले भितीवर काहून लावलं, समजून नाई राह्यलं. तुमचा असन तर घेऊन जा."

फोटो खाटेच्या उशाशी भिंतीवर होता. चाचांनी ब्लेडनं, कडेकडेनं, हत्तिणीचा तो मोठा डावा कान कापून काढला होता. त्या जागी खळीनं गुलाबी कागद चिकटवला होता. टॉकीजच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. कान लहान, आपल्याकडच्या हत्तीला शोभेलसा. त्याची खालची कड मात्र घडी घालून, नख फिरवून वेगळी केलेली नव्हती. एका झटक्यात टरकन फाडलेली होती.

 मग पुतण्याला म्हटलं, राहू दे इथेच. हा त्या गोऱ्याचा फोटो नाही.