आरशाला टांगलेली रिंग

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. या सदरातले अनुभवही मी करमणूक म्हणूनच वाचायचे. आता तुम्ही मला हसा... पण मी चिडलेय, हे आधीच सांगते.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या दारात डिझेल पिकअप उभी. सून नसरीनला पहिल्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी सोडायचं होतं. दिवस भरत आलेले, ऊन भाजून काढणारं. निघण्याआधी मुलगा इरफान डिझेल फिल्टर बदलत होता.

इरफानचे अब्बा आता नाहीत, पण त्यांची एक पद्धत होती. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग आधी बाहेरच्या आरशाला टांगायची, मगच नव्याला हात लावायचा. कारण ती रिंग कधीकधी वरच, गाडीच्या बाजूला, चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर डिझेल गळतं, हवा शिरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

आरसा मोकळा होता. मी विचारलं, "रिंग कुठंय रे?"

"आली असेल की फिल्टरबरोबर."

"असेल म्हणजे? बघितलीस का?"

"अम्मी, तुम चुप बैठो की! फिल्टर साबणाने धुणारी बाई मला शिकवणार?"

हे मात्र खरं. नवी नवरी असताना फिल्टरच्या आतला कागदी गाभा मी चहाची गाळणी समजून साबणाच्या चुऱ्याने खसाखसा घासला आणि दोरीवर वाळत घातला. वर नवऱ्याला म्हणाले, "बघा, कसा लख्ख निघाला!" इतकी बावळट मुलगी अख्ख्या सोलापुरात सापडली नसती. पण म्हणून आज माझं ऐकायचंच नाही? माझं डोकंच फिरलं.

इरफानने नवा फिल्टर आवळला, पंप मारून हवा काढली, गाडी चालू करून बघितली, बंद केली. बॉनेट आपटलं, दारं लॉक करून किल्ली खिशात टाकली. आम्ही तिघं जेवायला बसलो. तो भाकरी मोडत होता, मी त्याला बोलत होते. कोणी उठलं नाही.

जेवून बाहेर आलो. नसरीन थबकली. "अम्मी, ये क्या?"

आरशाला रिंग लटकत होती. डिझेलने ओली, काळी, दोन वेढे देऊन अडकवलेली. हे अशीच अडकवायचे.

इरफानचा चेहरा उतरला. "अम्मी, खुदा की कसम, मी काढली नाही." डब्यात टाकलेला जुना फिल्टर पाहिला, त्याची रिंगची खाच रिकामी, म्हणजे रिंग वरच चिकटून राहिली होती. मग बॉनेट उघडून नवा फिल्टर सोडवला. आत एकच रिंग होती, नवी कोरी. गळती नाही, काही नाही. आतून खटका ओढल्याशिवाय ते बॉनेट उघडत नाही... मग कसं? इरफान अजून उत्तर शोधतोय.

नसरीन सुखरूप पोचली, मुलगी झाली. सगळे म्हणतात, अब्बांनी नातीची काळजी घेतली.

घेतली असेल! पण अहो, त्या दुपारी दार सताड उघडं होतं. आत मी बसले होते, दारातून दिसेल अशी. तुम्ही गेल्यापासून एकदा स्वप्नातसुद्धा आला नाहीत... आणि आलात ते गाडीसाठी? बॉनेट उघडलंत, फिल्टर खोललात, परत आवळलात — एवढा वेळ होता तुमच्याकडे.

एक हाक मारायला काय झालं होतं?