तिसरं ताट

आमच्या मास्तरांच्या घरी माणसं दोन आणि ताटं तीन. तिसरं ताट भरल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मग हा गृहस्थ दिवेलागणीला बेळगावच्या कॅम्पातल्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि निपाणीकडं निघालेला एखादा गाडीवान हाताला धरून घरी आणायचा. "संध्याकाळ झाली, आता उपाशी कुठं जातोस?" जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. सगळे त्यांना भाकरीमास्तर म्हणत. मी मिशनच्या शाळेत त्यांच्याबरोबर शिकवायची आणि शेजारच्याच खोलीत राहायची, त्यामुळं कोणी नाहीच मिळालं तर ते ताट माझ्या वाट्याला यायचं.

या खुळाचं मूळ भिंतीवर होतं. विलायतेला परत जाताना पाद्रीसाहेबांनी त्यांना एक तसबीर दिली होती, इटलीतल्या कुठल्याशा जुन्या चित्राची छापील नक्कल. प्रभू मरणातून उठल्यावर दोन शिष्यांना अम्माऊस गावाच्या वाटेवर भेटतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. वाटसरू समजून आग्रहानं जेवायला ठेवून घेतात, आणि तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. चित्रात नेमका तोच क्षण होता. मागं मिट्ट काळोख, एका बाजूनं तोंडावर उजेड. प्रभूला दाढी नाही म्हणून चर्चच्या मंडळीतले म्हातारे नाकं मुरडायचे. टेबलाच्या कडेला फळांची टोपली अशी ठेवलेली, की आत्ता पडेल. मी म्हणायची, "मास्तर, पडतीय बघा." ते म्हणायचे, "तीनशे वर्षं न्हाय पडली, आज बरी पडंल."

चित्रात टोपी घातलेला एक खानावळवालाही उभा आहे. मास्तरांचा त्याच्यावर भारी राग. "ह्यो बघ येडा. एवढं समोर घडतंय आणि ह्येला पत्ता न्हाय," असं दर दोन दिवसांनी ऐकवायचे.

मास्तर मूळचे जवळच्याच वडगावचे, विणकराच्या घरचे. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं त्या दिवशी घर सुटलं. आईनं निरोप धाडला होता की आता दारात येऊ नकोस. शहापूरच्या पेठेत धाकटा भाऊ दिसला की तो रस्ता बदलायचा. एकोणीस वर्षं त्या घरातल्या कुणी यांच्याकडं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मास्तर वरून हसायचे, पण ते ताट कुणासाठी मांडलेलं असायचं हे मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पक्कं ठाऊक होतं. कधीतरी आपलं माणूस येऊन तिथं बसावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

आणि एका संध्याकाळी तो भाऊ आला. उंबऱ्याबाहेर उभा, पाय धुळीनं भरलेले. "अण्णा, जरा बोलायचं हाय," एवढंच म्हणाला. मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं. बोलणं कुठं पळून जात नाही, आधी जेव, म्हणत त्यांनी त्याला ओढूनच आत आणलं आणि तिसऱ्या ताटावर बसवलं. भाकरी मीच वाढली. तो खाली मान घालून भराभरा गिळत होता. भुकेला असेल म्हणून मी आणखी एक वाढली. देवा, त्या दुसऱ्या भाकरीची मला आजही लाज वाटते.

हात धुतल्यावर तो म्हणाला, "आईनं बोलवलंय. सकाळपासनं तुमचंच नाव घेतीया. आता लई वेळ न्हाय."

मास्तर जागच्या जागी बसले. मग हळूच विचारलं, "आल्या आल्या का न्हाय सांगितलास रं?"

"तुम्ही ताट वाढलासा, अण्णा. एकोणीस वर्षांनी. न्हाय कसं म्हणू?"

दोघं जवळजवळ पळतच निघाले, मागून मावशी आणि मी. वडगावच्या बोळाच्या तोंडाशीच बायकांचं रडणं कानावर आलं. म्हातारी नुकतीच गेली होती. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती, असं शेजारीण म्हणाली. ते तिनं सांगायला नको होतं.

त्या दिवसानंतर मास्तरांच्या घरी दोनच ताटं मांडली जाऊ लागली. भाऊ पुढं अधूनमधून येऊन जेवून जायचा, पण आपलं ताट आपणच घ्यायचा. तसबीर मास्तरांनी काढली नाही. एकदा मी टोपलीची जुनी थट्टा करून त्यांना हसवायला गेले, तर ते त्या टोपीवाल्याकडं बोट दाखवून म्हणाले, "त्या दोघा शिष्यांतला मी न्हवंच गं. मी ह्यो. वाढत बसलो."

दुसरं महायुद्ध संपायच्या आत मास्तर गेले. तसबीर मावशींनी मला दिली. माझ्याकडं अवेळी कोणी आलं तर मी पाणीही विचारत नाही. सुना म्हणतात, सासूबाईंना रीतभात नाही. म्हणोत बापड्या. मी दारातच विचारते, "आधी सांग, काय निरोप आहे?"