आईंचा गुडघा आणि परदेशी पाहुणे

अंधेरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठं हॉस्पिटल आलं आणि गल्ली ओळखू येईनाशी झाली. केमिस्टच्या पाटीवर अरबी अक्षरं आली, पोळीभाजी केंद्राच्या जागी डॉलर बदलून देणारं दुकान आलं, रिक्षावाले आफ्रिकेतल्या माणसांना 'जांबो' करू लागले. आम्ही ताप-खोकल्याला ज्यांच्याकडे जायचो, त्या डॉक्टरांनी दवाखान्याचा गाळा गेस्ट हाउसला देऊन टाकला. परदेशी पेशंटमुळे देशात पैसा येतो, असं पेपरात छापून येतं. येत असेलच, आमच्याकडेसुद्धा आला. त्याबद्दल खूश व्हावं की रडावं, हे मला अजून कळलेलं नाही.

झालं असं, की सासूबाईंचा उजवा गुडघा पार कामातून गेला. म्युनिसिपल हॉस्पिटलात ऑपरेशनची रांग मारुतीच्या शेपटासारखी, आणि घरासमोरचं हॉस्पिटल आमच्यासाठी फक्त खिडकीतून बघायचं. तेव्हा माझ्या नवऱ्याने तोडगा काढला: आतली खोली तिथल्या परदेशी पेशंटना भाड्याने द्यायची आणि ते भाडं आईच्या गुडघ्यासाठी बाजूला टाकायचं. खोली आईंचीच. म्हणजे गुडघा बरा व्हावा म्हणून आई त्याच गुडघ्यानिशी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला आल्या. यात काहीतरी उलटं आहे असं मी म्हटलं, पण मग सरळ काय, ते मलाही सांगता येईना.

पहिलं जोडपं आलं ते टांझानियाच्या किनाऱ्यावरचं. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, पुढच्या तपासण्यांसाठी राहिलेला. बायको नारळाच्या रसात मासे शिजवायची. ओट्यापाशी आईंची मालवणी आणि तिची स्वाहिली, दोन्ही एकदम चालायच्या आणि दोघींचं काही अडायचं नाही.

"आमच्यातलीच गो ती," आई म्हणायच्या, "वाट चुकान लांब गेली."

मग शेवटची तपासणी ठरली. सगळं ठीक निघालं तर ते घरी जाणार, नाहीतर आणखी मुक्काम. आणि आणखी मुक्काम म्हणजे गुडघ्याचं काम जवळजवळ होणार. हे माझ्या मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली. पण आलं ते आलं.

आदल्या संध्याकाळी आईंनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्या कोकणात मोठं काम निघालं की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. सासरे गेल्यापासून आमच्याकडे ते आई घालतात. त्यांनी त्या दोघांनाही बोलावून शेजारी उभं केलं.

"बा देवा म्हाराजा, ही माणसां समुद्रापलीकडसून तुझ्या दारात इली. हेच्या काळजातलो दोष काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हेंका बेगीन आपल्या घराक पोचव रे म्हाराजा!"

माझा नवरा म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आमचं बघून ती बाईसुद्धा म्हणाली. माझा आवाज निघाला का, ते मला खरंच आठवत नाही.

नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं, "आई, ते लवकर गेले तर तुमच्या गुडघ्याचं काय?"

"म्हणान तेचां दुखणां लांबव, असां सांगू देवाक? येडी काय गो तू?"

तपासणी छान निघाली. निघताना ती बाई आईंच्या गळ्यात पडली, आईंनी डोळे पुसले.

खोली रिकामी झाली, पण आई काही आत झोपायला गेल्या नाहीत. धुतलेल्या चादरी घालून त्यांनी दार ओढून घेतलं. दिवाणावरून उठताना त्यांना आता भिंतीचा आधार लागत होता. मी ऑफिसातून आले की रोज विचारायच्या, "फोन इलो काय कोणाचो?"

एकदाचा पेशंट आणून देणाऱ्या एजंटचा फोन आला. मी धावत हॉलमध्ये गेले.

"आई, पेशंट मिळाला! ओमानचा आहे, तरुण मुलगा."

"काय झालां तेका?"

"दोन्ही किडन्या गेल्यात. पुष्कळ दिवस राहावं लागेल म्हणतात."

"बरां झालां," आई म्हणाल्या.

आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. "तसां न्हय गो..." एवढंच म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी एजंटला होकार कळवायला फोन हातात घेतला.