कापसाखालची अंडी

मोहिनी आता अमळनेरला आईकडे असते. तिला तिथे मी पाठवलं, असं कुणी म्हणत नाही. मी म्हणते.

कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. नंतर मी एम.ए. केलं, ती लग्न होऊन धुळ्याला गेली. नवऱ्याचं, नवलचं, गादीचं दुकान. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे घर. जेवायला वाढण्याआधी ती ताटावर फुंकर मारायची. रुई उडून बसलेली असे.

पाच वर्षं मूल नव्हतं. डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या. मोहिनीच्या ठीक आल्या. नवल गेलाच नाही.

त्याने एक दिवस फिंच पाखरांची जोडी आणली. राखाडी, अंगठ्याएवढी. पिंजऱ्यात घरट्यासाठी एक छोटं मडकं टांगलं. मादी अंडी घालायची, काही दिवस बसायची, मग उठायची. पिल्लू एकही नाही. तीनदा असं झालं. सासू ताईबाई ओट्यावरून म्हणायच्या, "बठ्ठा अंडा वाया जातस. तुना हातले गुणच नही."

मी दिवाळीत गेले तेव्हा नर चोचीत कापूस धरून मडक्यात शिरत होता.

"दिवसभर हेच," मोहिनी म्हणाली. "अगदी नवलसारखा. कापूस सोडून दुसरं सुचत नाही."

"कापूस कोण देतं?"

"मीच. रोज सकाळी मूठभर. गादीवाल्याच्या घरात यांना कापूस कमी पडावा का?"

मी फोनवर या पाखरांबद्दल वाचलं. मग आम्ही मडकं उतरवलं. नवलही मशीन बंद करून आला. मोहिनीने दोन बोटांनी कापूस उपसला. खाली चार अंडी. त्याखाली पुन्हा कापूस, पुन्हा तीन अंडी. अगदी तळाशी आणखी दोन. एकालाही तडा नव्हता. समोर कापूस दिसतो तोवर नर घरटं रचतच राहतो, अंड्यांवरसुद्धा. अंडी पडली की कापूस बंद करायचा असतो. एवढंच.

"म्हणजे माझा हात नाही," मोहिनी म्हणाली.

नवल परत मशीनकडे वळला. पण त्याने पाहिलं होतं.

मशीन चालू असताना रुई पिंजऱ्यावर बसणारच. मी म्हटलं, एका विणीपुरती जोडी दुसरीकडे ठेवू. नवलची बहीण डिंपल भडगावला असते. तिथे कापूस नाही. मोहिनी खूश झाली. ताईबाई लगेच हो म्हणाल्या. पिंजरा मांडीवर घेऊन मीच एसटीने भडगावला गेले. मडक्यात सुकं गवत घातलं. अंडी दिसली की गवत देऊ नका, असं डिंपलला दोनदा बजावलं.

दीड महिन्याने डिंपलने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. चार पिल्लं. चारही चोची उघड्या.

पुढचं मोहिनीने मला फोनवर सांगितलं. ताईबाईंनी तो व्हिडिओ शेजारणींना बोलावून दाखवला.

"तेच पाखरं, तेच मडकं," त्या म्हणाल्या. "तठे चार पिल्लं निंघनात. मंग आठे कोना हात होता?"

मोहिनीने कापसाचं सांगितलं. तळापासून सगळं सांगितलं. शेजारणी हसल्या. एक म्हणाली, "मंग आमना घरनी गादीबी बदलाले पाहिजे!"

मोहिनीने नवलकडे पाहिलं. "तुम्ही होतात ना तिथे? सांगा ना."

"आईला नको ना आता त्रास," नवल म्हणाला. "तू थोडे दिवस अमळनेरला जाऊन ये." आणि त्याने मशीन चालू केलं.

थोडे दिवस म्हणजे आता आठ महिने झाले.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. मी माफी मागायच्या आत तीच म्हणाली, "तू बरोबर होतीस गं. कापूसच होता."

खोलीच्या कोपऱ्यात तिचं सामान होतं. नवलने टेम्पोने पाठवलेलं. दोन पेट्या, शिवणयंत्र, आणि सोबत एक नवी गादी. ताज्या पिंजलेल्या कापसाची, एकच माणूस झोपेल एवढी. शिवण फार सुरेख होती.

मोहिनी तिच्यावर झोपत नाही. शेजारी सतरंजी टाकते.