दादाचं ध्येय

भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. दादा लातूरला बारावी सायन्सला होता आणि गणपतीसाठी गावी आला होता. आई, अण्णा आणि मी ओसरीत झोपलो होतो, म्हणून वाचलो. दादा पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत झोपला होता. त्याला डॉक्टर व्हायचं होतं.

दादाच्या तेराव्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा मला म्हणाले, "आता तुला व्हायचंय डॉक्टर."

मी "हाव" म्हणालो. दुसरं काही म्हणण्यासारखे ते दिवस नव्हते.

दहावीनंतर त्यांनी मला लातूरला खोली करून दिली, क्लास लावला. पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून ध्येय विचारलं. सगळी पोरं डॉक्टर म्हणाली, मीही म्हणालो. दर रविवारी चाचणी व्हायची आणि निकाल भिंतीवर लागायचा. मी माझं नाव खालूनच शोधायला लागलो. भौतिकशास्त्राची गणितं मला पाठ व्हायची, सुटायची नाहीत.

एकदा सरांनी थांबवून घेतलं. "तुला डॉक्टर का व्हायचंय?"

"दादाला व्हायचं होतं."

 सर म्हणाले, "ते त्याचं होतं. तुझं काय?"

 मी म्हणालो, "इतिहास आवडतो."

"मग घरी बोल. अन् तोवर बारावी तरी नीट कर. डॉक्टर-बिक्टर बाजूला ठेव. आज एक धडा, तो समजल्याशिवाय दुसरा उघडायचा न्हाई."

तसं केलं. आपण ठरवलेलं काही पुरं होतं, हे मला त्या महिन्यांत पहिल्यांदा कळलं. पण घरी मात्र बोललो नाही. गावी गेलो की अण्णा विचारायचे, "अभ्यास?" मी म्हणायचो, "चालू हाय."

बारावी पास झालो. मेडिकलला नंबर लागण्याइतके मार्क नव्हते. अण्णांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. "त्यानं काढले असते," एवढंच म्हणाले आणि शेताकडे निघून गेले. आई पोळ्या लाटत राहिली.

मी नांदेडला बी.ए.ला गेलो. पुढे तिथंच शाळेत इतिहास शिकवायला लागलो. काम मनासारखं होतं. अण्णांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

म्हातारपणी छाती दुखते म्हणून त्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर चाळिशीकडे झुकलेला होता, दादा असता तर त्याच्याच वयाचा. तो तपासत असताना अण्णा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"गाव कोणतं तुमचं?" त्यांनी विचारलं.

त्यानं उदगीरकडचं एक गाव सांगितलं.

"आई-वडील हायेत?"

"आहेत की."

"बरं हाय," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी सोडवून घेतला आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरले.