सरावाचा शब्द

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. "बाबा, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल," असं माझी लेक शुभांगी कितीदा म्हणाली. मी विषय बदलायचो.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोचा एमआरआय पाहून सांगितलं, "ब्रेनस्टेम स्ट्रोक आहे." म्हणजे मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा तुटला होता. मेंदूचे सगळे निरोप तिथूनच शरीराकडे जातात. "त्या आतून जाग्या असू शकतात. पण हात, जीभ, डोळे, काहीच हलवता येणार नाही. याला पूर्ण लॉक्ड-इन म्हणतात."

आदल्या दिवशी ती आंधळगावच्या आमच्या अंगणात धान वाळवत होती. "डोकं जड वाटून राहिलं," एवढंच म्हणाली होती.

आयसीयूबाहेरच्या बाकावर आम्ही कित्येक आठवडे काढले. तिथेच एका तरुण डॉक्टरबाईंनी त्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस, म्हणजे मेंदूतले विजेचे बारीक संकेत ओळखून यंत्र चालवण्याची सोय. डोक्यावर तारांची टोपी. कानात एकेक अक्षर ऐकू येणार, हवं ते आलं की तिने मनातच पकडायचं. जमलं तर ती नुसत्या विचाराने पंखा लावेल, निरोप लिहील. मी गावभर फोन केले.

आधी कॅलिब्रेशन. म्हणजे एका ठरलेल्या शब्दावर सराव करून यंत्राला तिच्या मेंदूची ओळख करून द्यायची. "त्यांना पक्कं ठाऊक असलेला शब्द सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी ऐटीत म्हणालो, "माझं नाव द्या. मनोहर. ते कशी विसरेल?"

काहीच आलं नाही. टोपी बदलली, जेल नव्याने लावली. तरी नाही. "सिग्नल मिळत नाही, काका. समज किती उरली आहे, सांगता येत नाही."

खोटं कशाला बोलू, मला तिचाच राग आला. जन्मभर सोबत राहून नेमकं माझं नाव पुसून टाकलं! वाटलं, हिनेच दगा दिला.

तिला घरी आणलं. नळीतून अन्न देणं, कूस बदलणं, सगळं शुभांगी करायची. मी बायकोशी बोलणं सोडलं. शेजारी चौकशीला आला, तेव्हा तिच्या खाटेला टेकून म्हणालो, "कायले विचारतं गा? आत कोणी नाही आता."

मग कोंढ्याहून तिची धाकटी बहीण कांता आली. नागपूरला काय झालं ते शुभांगीने तिला सांगितलं. ती आधी हसली, मग एकदम थांबली.

"भाऊजी, आमच्या बाईनं तुमचं नाव कधी तोंडातून काढलं जी? रेशनच्या दुकानात पोरीले कोपरानं ढोसे, 'तूच सांग वं बापाचं नाव.' अन् तुमी मशीनवर तेच घ्याले लावलं!"

"तोंडानं नाही, मनात घ्यायचं होतं."

"मनात त मनात! मनातलं देवाले दिसत नाही का?"

आम्ही परत नागपूर गाठलं. या वेळी शब्द कांताने दिला: कोंढा, तिचं माहेर. यंत्राला ओळख पहिल्याच बैठकीत पटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चूक आमचीही आहे, काका. आम्ही त्यांच्या बाजूने विचारच केला नाही."

बऱ्याच सरावानंतर तिने स्वतःचं पहिलं वाक्य लिहिलं. एकेक अक्षर पडद्यावर येत गेलं.

आत मी हावो.

आत मी आहे, म्हणत होती ती. तेव्हा कळलं, खाटेजवळचं माझं बोलणं तिने सगळं ऐकलं होतं.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर सिग्नल नाही म्हणजे माणूस नाही, असं धरू नका. सरावाचा शब्द त्याच्या मनाला चालेल असा निवडा. आणि खाटेजवळ बोलताना सांभाळा.

तिचं ते वाक्य वाचून शुभांगीने मला पुढे ढकललं. "बाबा, बोला ना." मी वाकलो. मनातलं सोडून भलतंच बोललो, "गरम होते का? पंखा लावू?"

पंखा यंत्राला जोडलेला होता. थोड्या वेळाने तो आपणहून फिरू लागला. तिने माझ्यासाठी तेवढंही काम ठेवलं नाही.

त्याच आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसात संसर्ग. टोपी काढावी लागली, ती पुन्हा चढली नाही. त्या दुखण्यातच बायको गेली.

तिचं नाव मीही कधी घेतलं नव्हतं. 'शुभांगीची माय' एवढंच म्हणायचो. त्या दिवशी वाकलो, तेव्हा मनात होतं ते असं: सुमन, तू आत आहेस हे मले समजाले पाहिजे होतं. मले माफ कर.