तोंडी कारभार

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत सुचित्रा बोडसचं नाव निघालं की लोक म्हणायचे, "बाईंचा उरक बघावा!" आणि ते खोटं नव्हतं. एका विमा कंपनीत ती प्रोजेक्ट मॅनेजर होती. क्लेमची जुनी सिस्टिम काढून नवी बसवायची, हे तिचं काम. ईमेल लिहीत बसायचा तिला मनस्वी कंटाळा. फोन उचलायचा, सोक्षमोक्ष लावायचा, मोकळं व्हायचं! टीमसाठी घरून साबुदाण्याची खिचडी न्यायची, आणि टीमही तिच्यावर जीव टाकायची.

त्यात नागपूरचा सिद्धेश होता. व्हिसावर आलेला, खाली मान घालून काम करणारा. लाँच जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, जुन्या पॉलिसींचं टेस्टिंग राहिलंय. एवढ्यात नाही होणार."

"सोड रे ते! आधी नव्या पॉलिसी चालू करू, जुन्यांचं नंतर बघू. माझं वरती बोलणं झालंय."

त्यानं सोडलं. ताईंनी सांगितलंय ना, मग झालं तर!

आणि तेवढ्यात बाईंना दुसऱ्या कंपनीची ऑफर आली. पद मोठं, ऑफिस घराजवळ. गेली. का जाऊ नये? जग जातं. निघण्याआधी हँडओव्हरची मीटिंग ठेवली होती, पण तिचा बराच वेळ केक कापण्यात आणि फोटो काढण्यात गेला. जुन्या पॉलिसींचं सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही हो, राहूनच गेलं.

पुढचं रामायण तिला कळलं ते मराठी शाळेच्या दारात. रविवार होता, पोरं आत बाराखडी घोकत होती. सिद्धेशची बायको रुचा समोर आली.

"आमच्या अनिकाचं नाव शाळेतून काढायला आलेय, ताई. आम्ही भारतात परत चाललोय."

"अगं, का?"

रुचानं सांगितलं. सुचित्रानंतर आलेल्या मॅनेजरनं सगळा प्लॅन उलटापालटा केला. वैतागून चांगली माणसं निघून गेली, मग तो स्वतःही गेला. तिसऱ्यानं आल्या आल्या जुन्या-नव्या सगळ्या पॉलिसी एकदम चालू केल्या. जुन्या पॉलिसीवाल्या म्हाताऱ्या माणसांचे क्लेम धडाधड नामंजूर झाले. टेस्टिंग कुणी सोडलं? सिद्धेशनं. नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि व्हिसाची मुदत संपत आली.

"त्यानं माझं नाव नाही सांगितलं?"

"मी म्हटलं ना, सांग. तर म्हणतो, ताई आता तिथं नाहीत, त्यांच्या पाठीमागे त्यांच्यावर खापर कसं फोडू?"

सुचित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या पोरानं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तिनं जुन्या ऑफिसला फोन लावला. तिसरा मॅनेजरही सोडून गेला होता. ज्या साहेबांशी 'बोलणं झालं' होतं, ते केव्हाच रिटायर झालेले. फोनवरची नवी मॅनेजर गोड आवाजात म्हणाली, "सॉरी, आपण कोण?" सुचित्रानं सगळं सांगितलं. चूक माझी, त्या मुलाची नाही, लागेल तसं लिहून देते.

"पाठवा ना. पण त्या टीममधलं आता इथं कुणीच नाही. सिद्धेश कोण, हे मलाही माहीत नाही."

काय करणार! अपराध कबूल करायला निघाली, तर ऐकायला माणूस शिल्लक नाही. संध्याकाळी ती सिद्धेशच्या घरी गेली. हॉलभर खोकी पडली होती. उभ्या उभ्याच ती म्हणाली, "सिद्धेश, माझ्यामुळे झालं रे हे सगळं."

"जाऊ द्या हो ताई." त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलून तिला जागा केली. "पुण्यात एक इंटरव्ह्यू आहे. रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. चालेल ना? तुमच्यासारखी मॅनेजर मला पुन्हा मिळालीच नाही."

सुचित्रा "हो" म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता दारातले बूट पायात घालायला लागली.